म्हैसूरची गाडी, उद्यमनगरचे हात

जुनी जावा घरी येते ती बहुधा पोत्यांतून. चासी टेम्पोत आडवी टाकलेली, चाके सुटी, टाकीत मूठभर गंज आणि उरलेली गाडी युरियाच्या रिकाम्या पोत्यांत भरलेली. ही गाडी करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळघराच्या मागच्या छपरात, पाचटाच्या ढिगाखाली कित्येक पावसाळे पडून होती. साखर कारखान्याच्या शेती खात्यातल्या एका गृहस्थांनी ती साठच्या दशकात घेतली, उसाच्या नोंदी करत गावोगाव फिरवली आणि पुढे शंभर सीसीच्या गाड्या आल्या तेव्हा छपरात लावून टाकली. त्यांच्या मुलांनी ती विकली कोल्हापुरातल्या एका निवृत्त पॉलिटेक्निक शिक्षकांना. त्यांना सगळे 'सर' म्हणतात, मीही म्हणतो. त्यांच्या बंगल्याच्या अंगाला पत्र्याची शेड आहे. पूर्वी तिथे मोटार लावायचे. आता मोटार रस्त्यावर उभी असते आणि शेडमध्ये लाकडी बाक, एक व्हाइस, भिंतीला खिळे ठोकून टांगलेले पाने आणि ही जावा.

पोती उपसली तेव्हा काय काय निघाले, ते सरांनी वहीत लिहून ठेवले आहे. सिलिंडर, त्यात घट्ट बसलेला पिस्टन. कार्बोरेटर, त्याच्या तोंडात कुंभारणीने बांधलेले मातीचे घर आणि अंगावर पांढरी भुकटी. हेडलाइटचा बाऊल, त्यातच बसवलेला स्पीडोमीटर, काच फुटलेली. दोन सायलेन्सर, एकाचा तळ खाऊन गेलेला. चेनचे पूर्ण झाकण, कारण या गाडीची मागची चेन उघडी नसतेच. डायनॅमोच्या वायरी उंदरांनी कातरलेल्या. नट-बोल्ट एका डालडाच्या डब्यात, आणि ते सगळे या गाडीचे नव्हते. अशा पोत्यांत नेहमीच दुसऱ्या गाड्यांचे चार भाग मिसळलेले असतात. ते कुठले हे ओळखण्यातच पहिले काही आठवडे जातात.

पण पाना हातात घेण्याआधी सरांनी एक काम केले, आणि जुन्या गाडीच्या नादाला लागणाऱ्या प्रत्येकाने ते आधी करावे असे मला वाटते. त्यांनी चासीवरचा नंबर शोधला. गंजाचा पापुद्रा रॉकेलच्या फडक्याने आणि हलक्या खरकागदाने उतरवला, वर कागद ठेवून पेन्सिल घासली आणि उमटलेले आकडे जुन्या आरसी बुकाशी ताडून पाहिले. आरटीओत इन्स्पेक्टर हेच करतो. इथे घाई करून कोणी सँडब्लास्टिंग मारले किंवा खड्डा बुजवायला पुट्टी भरली, तर आकडे जातात, आणि आकडे गेले की गाडी कितीही चकचकीत झाली तरी कायद्याच्या लेखी भंगारच राहते. आकडे जुळले. १९८९ साली एमएच मालिका सुरू झाली त्याच्याही आधीचा, तीन अक्षरांचा नोंदणी नंबर गाडीला होता.

कागदांची गोष्ट निघालीच आहे तर ती पुरी करतो. जुलै २०२१मध्ये केंद्र सरकारने जुन्या वाहनांसाठी वेगळे नियम आणले. पन्नास वर्षांहून जुनी दुचाकी किंवा चारचाकी, मूळ रूपात जपलेली, 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, दहा वर्षांनी पुनर्नोंदणीला पाच हजार. नंबरात 'व्हीए' ही अक्षरे येतात, आणि ज्यांच्याकडे आधीचा नंबर आहे त्यांना तो ठेवता येतो. अशी गाडी रोजच्या वापरासाठी नाही. मेळावा, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणे एवढ्यासाठीच ती रस्त्यावर काढायची. नियमात एक अट आहे ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार केलेला नसावा. म्हणजे गाडी जुनी असणे पुरेसे नाही, ती तीच असली पाहिजे. आणि घरच्या शेडमध्ये दर रविवारी प्रश्न येतो तो हाच. किती नवे घातले म्हणजे ती 'ती' राहत नाही?

* * *

ही गाडी मुळात चेकोस्लोव्हाकियाची. फ्रान्तिशेक यानेचेक हा शस्त्रास्त्रे बनवणारा कारखानदार. पहिल्या महायुद्धानंतर शस्त्रांची मागणी आटली तेव्हा तो मोटारसायकलींकडे वळला. 'वांडरर' या जर्मन कंपनीच्या पाचशे सीसीच्या गाडीचे हक्क घेऊन त्याने १९२९ साली प्रागमध्ये उत्पादन सुरू केले, आणि स्वतःच्या आणि वांडररच्या नावाची आद्याक्षरे जोडून गाडीला जावा म्हटले. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी देश व्यापलेला असताना तिथल्या तंत्रज्ञांनी अडीचशे सीसीची नवी गाडी गुपचूप तयार केली. युद्ध संपल्यावर १९४६मध्ये ती बाजारात आली. त्याच घराण्यात पुढे १९५४च्या सुमारास ३५३ हे मॉडेल आले, पुढे-मागे दोन्हीकडे सस्पेन्शन असलेले, गोलसर टाकीचे. आपल्याकडची जावा ती हीच.

भारतात ती रुस्तम इराणी यांनी आणली. आयातीवर बंधने येऊ लागली तेव्हा त्यांनी आणि फारूख इराणी यांनी म्हैसूरला 'आयडियल जावा' हा कारखाना काढला. १९६१ साली तिथून गाड्या बाहेर पडू लागल्या. म्हैसूरचे महाराज जयचामराजेंद्र वाडियार यांचा या कारखान्याला आधार होता. सत्तरच्या दशकात गाडीवरचे जावा हे नाव जाऊन येझदी हे नाव आले. इराणमधले यझ्द हे झोरोस्ट्रियनांचे जुने शहर, त्यावरून ते घेतलेले. १९७८मध्ये रोडकिंग आली. पण ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर जपानी कंपन्यांशी करार करून बनलेल्या शंभर सीसीच्या गाड्या आल्या, एका लिटरला दुप्पट धावणाऱ्या. वर धुराचे नियम कडक होत गेले. १९९६मध्ये म्हैसूरचा कारखाना बंद पडला. १५ नोव्हेंबर २०१८ रोजी जावा हे नाव महिंद्रा समूहाच्या पाठबळाने नव्या गाडीवर परत आले. ती चार स्ट्रोकची, पाण्याने थंड होणारी, मध्य प्रदेशातल्या पिथमपूरला बनणारी गाडी आहे. चांगली आहे. पण तिचा एकही भाग सरांच्या गाडीला बसत नाही.

कारखाना बंद पडतो तेव्हा सुटे भाग काही वर्षे दुकानांत उरतात. दिल्लीच्या करोल बागेत, मुंबईच्या चोर बाजारात, पुण्याच्या जुन्या बाजारात ते मिळत राहतात, मग महाग होतात, मग संपतात. या गाडीबद्दलचे ज्ञान मात्र दुकानात नव्हते. कोणता बोल्ट उलट आट्यांचा आहे, कोणते झाकण आधी काढायचे, क्लचचे सेटिंग कानाने कसे लावायचे, हे मेस्त्रींच्या हातात होते. गेली तीस वर्षे भारतातली जावा-येझदी जिवंत राहिली ती या हातांच्या जोरावर. जुलै महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी देशभर जावा-येझदी दिवस साजरा होतो, शेकडो गाड्या रांगेत लागतात, फोटो निघतात. त्या दिवशी मला नेहमी वाटते की प्रत्येक गाडीच्या शेजारी तिचा मेस्त्रीही उभा असायला हवा.

* * *

पिस्टन निघता निघत नव्हता. सिलिंडर ओतीव लोखंडाचा, पिस्टन अॅल्युमिनियमचा, आणि दोघांच्या मध्ये पाणी शिरून गंज फुगलेला. अशा वेळी वरून घण घालायचा मोह होतो. घण घातला की पिस्टन जातोच, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि कधी सिलिंडरही चिरतो. सरांनी प्लगच्या भोकातून डिझेल आणि गिअर ऑइल यांचे मिश्रण भरले आणि ते मुरत ठेवले. ते झिरपून खाली उतरले की पुन्हा भरायचे. मधूनच सिलिंडर बाहेरून गरम करायचा, थंड होऊ द्यायचा. दोन्ही धातू वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात, त्यामुळे प्रत्येक वेळी गंजाची पकड थोडी सैल होते. शेवटी लाकडी ठोकळा ठेवून हलक्या ठोक्यांनी पिस्टन खाली सरकला. त्याची रिंग तुटली होती, पण सिलिंडर वाचला होता.

जावाचे इंजिन दोन स्ट्रोकचे, २४८.५ सीसीचे. बोअर ६५ मिलिमीटर, स्ट्रोक ७५. त्यात व्हॉल्व्ह नाहीत, सिलिंडरच्या भिंतीतच खिडक्या आहेत आणि पिस्टनच वर-खाली होताना त्या उघडतो, झाकतो. एक सिलिंडर आणि दोन सायलेन्सर ही तिची ओळख. या खिडक्यांमुळे रिबोअरच्या कामात एक खुबी आहे. बोअर मोठा केल्यावर खिडक्यांच्या कडा धारदार होतात. त्या हाताने घासून किंचित गोल कराव्या लागतात, नाहीतर रिंग तिथे अडकते आणि पहिल्याच फेरीत मोडते. रोज चार स्ट्रोकची इंजिने करणाऱ्या आजच्या वर्कशॉपांत ही गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. म्हणून सर सिलिंडर घेऊन उद्यमनगरला गेले.

शिवाजी उद्यमनगर ज्यांनी पाहिले नाही त्यांना कोल्हापूर म्हणजे महालक्ष्मी, तांबडा-पांढरा आणि तालीम. पण या शहराचा आणखी एक आवाज आहे. लेथवर धातू कापला जाण्याचा, फाउंड्रीच्या भट्टीचा. शेतीच्या पाण्यासाठी लागणाऱ्या ऑइल इंजिनांच्या दुरुस्तीतून इथले कारागीर घडले, आणि ज्यांना शाळा फारशी लाभली नाही अशा माणसांनी इंजिने बनवून दाखवली. म्हादबा मेस्त्रींचे नाव इथे आजही आदराने घेतले जाते. मोठे कारखाने नंतर शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या औद्योगिक वसाहतींत गेले. उद्यमनगरच्या बोळांत छोटी दुकाने उरली. एक लेथ, एक प्रेस, दाराशी लोखंडाचा कीस.

सरांचे काम झाले ते अशाच एका दुकानात. तिथले मेस्त्री सत्तरीच्या घरातले, सगळे त्यांना मामा म्हणतात. जावाचा क्रँक त्यांच्या हातात दिला की ते प्रथम काहीच बोलत नाहीत. कनेक्टिंग रॉड दोन बोटांत धरतात आणि वर-खाली हलवून बघतात. मग आडवा हलवतात. ''आडवा हलू दे, त्याला तेवढी जागा पायजेच,'' ते म्हणाले. ''वर-खाली लागला की गेला.'' हा वर-खाली लागत होता.

जावाचा क्रँक एका तुकड्याचा नसतो. दोन जाड पोलादी चकत्या, दोन्हींच्या मध्ये एक पिन, पिनीवर रोलर आणि रोलरवर कनेक्टिंग रॉड. पिन चकत्यांत नुसत्या दाबाने घट्ट बसवलेली असते, ना बोल्ट, ना चावी. पिन बदलायची तर प्रेसवर चकत्या वेगळ्या करायच्या, नवी पिन आणि रोलर घालायचे आणि पुन्हा दाबायचे. एवढे प्रेस असलेला कोणीही करेल. खरे काम त्यानंतर सुरू होते. दाबून जोडलेल्या दोन चकत्यांचे दोन दांडे एकाच रेषेत कधीच येत नाहीत. मामांनी क्रँक लेथच्या दोन सेंटरांमध्ये धरला, दोन्ही दांड्यांवर डायल लावले आणि क्रँक हाताने हळू फिरवला. डायलचे एक घर म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. काटा दहा-बारा घरे हलत होता.

मग त्यांनी क्रँक सेंटरमधून काढला, एक चकती डाव्या हातात तोलून धरली आणि दुसरीच्या कडेवर तांब्याच्या हातोडीने एक ठोका दिला. पुन्हा सेंटरमध्ये, पुन्हा डायल. काटा सात घरांवर. आणखी एक ठोका, थोडा बाजूला. चार. कुठे मारायचे हे डायल सांगतो, किती जोराने मारायचे हे कोणीही सांगत नाही. कधी ठोका जास्त होतो आणि काटा उलट बाजूला जातो, तेव्हा परत फिरावे लागते. कधी दोन्ही चकत्या फुलीसारख्या पिळलेल्या असतात, तेव्हा आधी पीळ काढायचा आणि मग रेघ जुळवायची. काटा दोन घरांत थरथरू लागला तेव्हा मामा थांबले. मी विचारले, आणखी कमी होईल का? होईल, पण त्याची गरज नाही, असे ते म्हणाले.

या दोन घरांवर सगळे अवलंबून आहे. हे इंजिन पूर्ण जोरात मिनिटाला ४,७५० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ऐंशीच्या आसपास. दांडा वाकडा फिरला तर बेअरिंग खाल्ले जाते, ऑइल सीलची ओठाळी झिजते. आणि जावात आणखी एक अडचण आहे. डायनॅमोचे आर्मेचर क्रँकच्या उजव्या टोकावरच बसवलेले असते. टोक डोलले की आर्मेचर भोवतीच्या कॉइलच्या लोखंडाला घासते, पॉइंटमधली फट दर फेऱ्याला बदलते आणि गाडीचा ताल बिघडतो. मग मालक कार्बोरेटर बदलतो, कॉइल बदलतो, प्लगवर प्लग बदलतो आणि शेवटी म्हणतो की जुन्या गाड्यांचे असेच असते. तसे नसते. क्रँक सरळ असेल तर साठ वर्षांची जावाही एका जागी उभी राहून शांतपणे आपला ताल धरते. चकचकीत करून विकल्या जाणाऱ्या गाड्यांमध्ये नेमके हेच काम टाळलेले असते, कारण ते दिसत नाही. जुनी गाडी घ्यायला निघालेल्या वाचकाने रंगाकडे पाहण्याआधी क्रँक कोणी केला, हे विचारावे.

* * *

भागांच्या बाबतीत सर हळूहळू एका नियमाला आले. जो भाग झिजण्यासाठीच केलेला असतो तो नवा घालायचा. बेअरिंग, ऑइल सील, रिंग, केबल, टायर. बेअरिंगवरचा नंबर जगभर एकच असतो, त्यामुळे ते कोणत्याही चांगल्या दुकानात मिळते आणि ते नामांकित कंपनीचेच घ्यावे. पण ज्यावर गाडीचे रूप आणि स्वभाव अवलंबून आहे, तो भाग मिळेल तेवढा दुरुस्त करायचा. बाजारात या गाडीची जवळपास प्रत्येक वस्तू आता डुप्लिकेट मिळते. मडगार्ड, टाकी, सायलेन्सर, सगळे. पत्रा पातळ, वळण जरासे चुकलेले, भोके दोन मिलिमीटर इकडे-तिकडे. एक डुप्लिकेट मडगार्ड बसवायला शेजारचे तीन भाग वाकवावे लागतात, आणि मग ते तीनही भाग आपले राहत नाहीत.

क्लचच्या थाळ्यांचेच घ्या. जुन्या जावात पोलादी थाळीच्या खिडक्यांत बुचाचे तुकडे बसवलेले असतात. नव्या तयार थाळ्या मिळतात, पण सरांनी जुन्याच थाळ्या ठेवल्या. बुचाचे तुकडे गरम पाण्यात भिजवून मऊ केले, खिडक्यांत दाबले, वाळल्यावर सपाट काचेवर खरकागद ठेवून दोन्ही बाजू सारख्या घासल्या आणि थाळ्या बसवण्याआधी ऑइलमध्ये मुरवल्या. पॅकिंगही घरीच. पॅकिंगचा कागद इंजिनाच्या तोंडावर ठेवायचा आणि गोल डोक्याच्या छोट्या हातोडीने कडेकडेने टिचकत जायचे. इंजिनाची कडच तो कागद कापते, भोकेसुद्धा अचूक पडतात. सरांची नात हे काम फार मन लावून करते.

टाकीतला गंज काढण्याची पद्धत सरांच्या शिक्षकपणाला शोभणारी होती. टाकीत पाणी आणि धुण्याचा सोडा, मध्ये लोंबकळत सोडलेली लोखंडी सळई. बॅटरी चार्जरची धन वायर सळईला, ऋण वायर टाकीला. गंज सुटून खाली बसतो आणि चांगल्या पत्र्याला धक्का लागत नाही. सळई टाकीला चिकटता कामा नये. स्टेनलेस स्टीलची सळई चुकूनही वापरायची नाही, कारण तिच्यातून क्रोमियमचे विषारी क्षार पाण्यात उतरतात. हायड्रोजन निघतो म्हणून हे काम उघड्यावर, ठिणगीपासून लांब करायचे. गंज निघाल्यावर तळाला सुईच्या टोकाएवढी भोके दिसली. ती आतून रेझिन ओतून बुजवण्याऐवजी बाहेरून झाळून घेतली.

मग टाकीच्या रंगाचा प्रश्न आला आणि इथे सरांचे आणि माझे पटले नाही. टाकीचा मरून रंग अर्ध्याहून अधिक शाबूत होता. गुडघ्यांच्या रबराभोवती तो झिजून पत्रा दिसत होता, वरच्या बाजूला उन्हाने विटला होता, आणि कडेने सोनेरी रेघ जागोजागी तुटली होती. सरांना नवा रंग हवा होता. माझे म्हणणे असे की रंग पुन्हा कधीही देता येतो, पण कारखान्याचा रंग एकदा खरवडला की तो परत आणता येत नाही. वादाचा निकाल लावला तो रेघ मारायला बोलावलेल्या पेंटरने. त्यांची हयात दुकानांच्या पाट्या आणि ट्रकच्या मागच्या फळ्या रंगवण्यात गेलेली. त्यांनी चष्मा वर करून ती जुनी रेघ बराच वेळ बघितली. वळणावर ती किंचित जाड होते आणि सरळ आल्यावर पुन्हा बारीक होते, म्हणजे हे हाताने, एका श्वासात, लांब केसांच्या ब्रशने मारलेले आहे, हे त्यांनी आम्हाला बोट ठेवून दाखवले. ही पुसून मी नवी मारणार नाही, तुटली आहे तेवढी जोडून देतो, असे ते म्हणाले. त्यांनी तसेच केले. जोड कुठे आहे हे माहीत असेल तरच दिसतो.

मडगार्ड आणि चेनचे झाकण मात्र आरपार सडले होते. तिथे नवा पत्रा जोडून गॅस वेल्डिंग, प्रायमर, सरफेसर आणि नवा मरून रंग देणे भागच होते. त्यामुळे आता गाडी दोन वयांची दिसते. लोक विचारतात, टाकी कधी रंगवणार? सर सांगतात की ती रंगवून झाली आहे, म्हैसूरला.

क्रोमबद्दल थोडे सांगायला हवे, कारण तिथे पैसे सर्वाधिक वाया जातात. टिकाऊ क्रोमखाली तांबे आणि निकेलचे थर असतात. गंज अडवतो तो निकेल, वरचा क्रोम नुसती झळाळी देतो. स्वस्तातल्या कामात खालचे थर पातळ मारतात आणि दुसऱ्या पावसाळ्यात फोड येतात. शिवाय क्रोमचे सांडपाणी विषारी असल्याने नियम कडक आहेत, ते योग्यच आहेत, आणि त्यामुळे चांगले प्लेटिंगवाले मोजके उरले आहेत. सरांनी हँडल, सायलेन्सर आणि रिमा एवढेच दिले, बाकीचे नुसते पुसून ठेवले.

* * *

या गाड्यांपुढचे नवे संकट पेट्रोलच्या पंपावर उभे आहे. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते. कोल्हापूर तर उसाचा जिल्हा, इथेनॉल इथल्याच मातीतून येते आणि ऊस उत्पादकाला त्याचा आधारही आहे. पण साठ वर्षांपूर्वीच्या इंजिनाला ते मानवत नाही. इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते. टाकी काही आठवडे उभी राहिली की पाणी आणि इथेनॉल तळाला बसते आणि टाकी आतून गंजू लागते. जुन्या रबराची सील फुगतात. पोत्यातून निघाला तेव्हा त्या यिकोव्ह कार्बोरेटरवर जी पांढरी भुकटी होती ती जस्ताच्या मिश्रधातूला दमटपणाने चढलेली, आणि इथेनॉलने हे काम आणखी वेगाने होते. त्यातच इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असल्याने मिश्रण पातळ पडते, आणि दोन स्ट्रोकचे इंजिन पातळ मिश्रणावर तापते. तापलेला पिस्टन सीझ होतो. यावर उपाय आहेत. इथेनॉलला दाद न देणारी व्हायटनची सील, मेन जेट एक नंबर मोठा आणि गाडी उभी करताना टाकीची कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत इंजिन चालवणे. हे तिन्ही सरांनी केले. कुणी जुनी दोन स्ट्रोकची गाडी पाळत असेल तर त्यानेही करावे.

गाडी सुरू झाली त्या दिवशी शेडमध्ये गर्दी नव्हती. पॉइंटची फट ०.४ मिलिमीटर लावली, पिस्टन वरच्या टोकाच्या किती आधी असताना ठिणगी पडते हे प्लगच्या भोकातून मोजले. जावात गिअरचा दांडा आणि कीक एकच. तो आत दाबून वर फिरवला की कीक होतो, आणि गाडी सुरू झाल्यावर परत खाली आणला की गिअर. गिअर बदलताना पायाच्या दाबानेच क्लच सुटतो, हाताने क्लच दाबावाच लागत नाही. हे ऑटो क्लचचे सेटिंग जमणे सगळ्यात अवघड, आणि त्यासाठी मामा स्वतः स्कूटरवरून आले होते. तिसऱ्या-चौथ्या कीकला इंजिन लागले, निळा धूर झाला, शेजारच्यांनी खिडक्या लावल्या. मामांनी धूर बघितला नाही. त्यांनी डाव्या झाकणावर तळहात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. डाव्या बाजूचे सील गळत असते तर गिअरचे ऑइल इंजिनात ओढले गेले असते आणि धूर पांढरट, न थांबणारा झाला असता. धूर विरत गेला.

मामांचा मुलगा गोकुळ शिरगावला एका कारखान्यात सीएनसी मशीन चालवतो. तोही हुशार आहे, त्याच्या मशीनची अचूकता मामांच्या डायलपेक्षा जास्त आहे. पण त्याच्या मशीनला एकसारखे हजार भाग करायचे असतात, आणि मामांच्या लेथवर येणारा प्रत्येक क्रँक वेगळ्या तऱ्हेने वाकलेला असतो. मामांच्या दुकानात आता शिकाऊ कोणी नाही. सरांनी यावर एक काम सुरू केले आहे, आणि या सगळ्या प्रकरणात मला त्याचे मोल सर्वाधिक वाटते. ते मामांच्या शेजारी स्टूल टाकून बसतात आणि वहीत लिहून घेतात. कोणत्या खुणेवर ठोका, क्लचच्या स्क्रूला किती आटे, कोणत्या आवाजाचा काय अर्थ. मामांना आधी हे पटत नव्हते, लिहून काय होते असे ते म्हणायचे. आता तेच सांगतात, हे राहिलं, लिवा. पॉलिटेक्निकची दोन मुले शनिवारी दुकानात येऊ लागली आहेत. भंगारातून आणलेला येझदीचा एक क्रँक त्यांना सरावाला दिला आहे. परवा त्यांचा काटा सहा घरांवर आला होता.

सरांना या गाडीवरून निपाणी, बेळगाव, धारवाड करत म्हैसूरला जायचे आहे, केआरएस रस्त्यावरची कारखान्याची जागा बघायला. मामांनी अजून परवानगी दिलेली नाही. पाचशे किलोमीटर होईपर्यंत चाळीसच्या वर वेग नाही, चढावर टॉप गिअर नाही, सलग तासाभराहून जास्त चालवायची नाही. आणि ऑइल?

''लिटरला पन्नास मिली,'' मामा म्हणाले. ''चाळीस पुढनं बघू. धूर दिसला तर दिसू दे.''